भाकरीचा सीन

मला हल्लीचे हिंदी सिनेमे आवडत नाहीत, असं माझी सून सगळ्यांना सांगत असते. ते खरं नाही. नवा सिनेमा लागला की मी जाते, मॉलमधल्या त्या गारठलेल्या हॉलमध्ये शाल पांघरून बसते आणि शेवटची नावं सरकून दिवे लागेपर्यंत उठत नाही. बाहेर आल्यावर कुणी विचारलं तर मात्र मनात आहे ते सांगते, आणि तेवढ्यानं लोकांना वाटतं की म्हातारीला आवडला नाही. मध्यंतरी एक सिनेमा पाहिला. त्यात नायकानं सुरुवातीलाच एवढी माणसं मारली की मी सुनेला विचारलं, "आता पुढच्या गोष्टीला उरलंय कोण?" त्याची दाढी मोठी, बंदूक मोठी, आवाज तर असा की खुर्ची हलत होती, पण हा माणूस सकाळी उठून काय खातो, याच्या घरी चहा कोण टाकतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. हल्लीच्या सिनेमांत स्वयंपाकघरं मोठी असतात, पण दुकानात मांडून ठेवल्यासारखी. तिथं कुणी फोडणी दिलेली मी पाहिलेली नाही. नायिका मध्यंतराआधी मोटारसायकल चालवते, तोंडावर उत्तरं देते, मला बरं वाटतं. मध्यंतरानंतर ती नायकाच्या जखमेला पट्टी बांधण्यापुरती उरते. गाणं जरा कुठं मनात शिरायला लागलं की कापतात. नातू तर फोनवर सिनेमा दीडपट वेगानं बघतो. "आजी, वेळ वाचतो," म्हणतो. आणि वाचवलेला वेळ पुढचा सिनेमा बघण्यात घालवतो.

पण ही सगळी वरवरची कुरकुर झाली. सिनेमा चांगला की वाईट हे मी मनातल्या मनात एकाच गोष्टीवरून ठरवते, आणि ती गोष्ट मला कमल आत्यानं शिकवली. तिला स्वतःला ते कधी कळलं नसावं.

तेव्हा आम्ही औरंगपुऱ्यात राहायचो. खाली अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कटपिसाचं दुकान, वर दोन खोल्या आणि मागं उघडी गच्ची. दिवसभर खालून कापड फाडल्याचा आवाज यायचा. अण्णा कात्रीनं एक चीर द्यायचे आणि मग दोन्ही हातांनी कापड सरळ फाडायचे. तो टर्रकन आवाज आला की आईला वर कळायचं, गिऱ्हाईक पटलं. आई येसर भाजायला बसली की त्याचा खमंग वास जिन्यानं उतरून दुकानात जायचा. "बायकांच्या साड्यांना मसाल्याचा वास लागतोय," म्हणून अण्णा वैतागायचे आणि जेवायला बसले की येसराची आमटी पुन्हापुन्हा वाढून घ्यायचे. दुकानाच्या ओट्यावर एक शिंपी मशीन घेऊन बसत. त्यांची बायको जुबेदा खाला, पलीकडच्या गल्लीत राहणारी, काज-बटणाचं काम घेऊन सारखी आमच्या जिन्यात बसलेली असायची. अशा त्या भरल्या, आवाजी घरात अण्णांची धाकटी बहीण, माझी कमल आत्या, एके दिवशी वैजापूरहून नेसत्या साडीनिशी आली आणि राहिली.

तिच्या यजमानांना आम्ही मामा म्हणायचो. वैजापूरच्या बाजारात त्यांची धान्याची अडत होती. माणूस दारुडा नव्हता, बाहेरख्याली नव्हता, फक्त फार तापट आणि आईच्या मुठीतला. कसल्याशा भांडणात त्यांनी आत्याला हाताला धरून ओट्यावर आणून सोडलं आणि आतून कडी लावली. रस्त्यावरची माणसं बघत होती. ती कितीतरी वेळ त्या बंद दारासमोर उभी राहिली आणि मग बसस्टँडवर गेली. आता आमच्याकडची रीत अशी, की माहेरी आलेली लेक परत सासरी जायची तर तिला न्यायला तिकडून कुणीतरी येतं. नवरा येतो, नाहीतर दीर. चहापाणी होतं, तिची ओटी भरतात, मग ती निघते. कुणी न्यायला आलेलं नसताना आपल्या पायानं परत गेलेल्या बाईला त्या घरात जन्मभर मान मिळत नाही. वैजापूरहून निरोप येत होते, नाही असं नाही. पण ते "पाठवून द्या" असे. न्यायला येतो, असं कुणी म्हणत नव्हतं. आणि आत्या अण्णांना दर वेळी एकच सांगायची, "दादा, मला तिकडं नांदायचंय. माझं घर हाय ते. पण ज्यानं भाईर काढलं त्यानं न्यायला यावं. दारात उभं राहावं, बास. मी एका पायावर जाईन."

तिचं मन रमावं म्हणून अण्णा तिला सिनेमाला जाऊ द्यायचे. आईला आणि गल्लीतल्या बाकी बायकांना कामातून ते जमायचं नाही, शिवाय दुकानदाराच्या घरची बाई टॉकीजच्या रांगेत दिसणं तेव्हा बरं मानत नसत. आत्याचं वेगळं होतं. तिच्यावर ओढवलेलं बघून तिला नाही म्हणायचं धाडस कुणी करायचं नाही. नवा सिनेमा लागला की टांग्यावर पोस्टर बांधून भोंगा फिरायचा, आणि दोन दिवसांत आत्या आणि जुबेदा खाला दुपारच्या खेळाला जाऊन यायच्या. आणि मग दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या गच्चीवर आत्या सिनेमा सांगायची.

सांगायची म्हणजे अगदी सबंध. बायका पापड लाटत, शेवया करत किंवा ज्वारी निवडत बसलेल्या असायच्या, आणि आत्या भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन, पडदा वर गेला तिथून सुरुवात करायची. नायकाचे संवाद ती वैजापुरी हिंदीत म्हणायची. खलनायक बोलायला लागला की एक डोळा बारीक करायची. गाणी पूर्ण म्हणायची, आणि एखादं कडवं आठवलं नाही तर ते तिथल्या तिथं रचायची. मध्यंतरसुद्धा असायचं, ऐन भांडणात थांबून ती म्हणायची, "झालं मध्यंतर, चहा ठिवा," आणि बायका कुरकुरत उठायच्या. खाला शेजारी बसून शर्टाला बटणं लावत राहायची. तिनंही तोच सिनेमा पाहिलेला असायचा, पण ती मध्ये एक शब्द बोलायची नाही. कधीतरी नुसतं "हौ" म्हणायची.

आज मागं वळून बघते तेव्हा हसू येतं, की आमच्यापैकी एकीच्याही कसं लक्षात आलं नाही. सिनेमा डाकूंचा असो, कॉलेजातल्या पोरापोरींचा असो, नाहीतर भुताचा असो, आत्याच्या सांगण्यात कुठंतरी एक घरातून काढलेली बायको निघायचीच. आणि शेवटी तिचा नवरा तिला न्यायला यायचा. एकदा तर घोड्यावरून डाकू आला होता, घोडा गल्लीच्या तोंडाशी बांधून.

सगळ्यांत जास्त मागणी होती ती मुंबईच्या गिरणीमालकाच्या सिनेमाला. तो आत्याकडून आम्ही पुन्हापुन्हा ऐकला. मोठा बंगला, गैरसमज, बायको भावाच्या घरी जाऊन राहते. आणि शेवट असा, की गल्ली अरुंद म्हणून तो गिरणीमालक मोटार बाहेरच सोडतो, चालत येतो, जिना चढतो, उंबऱ्याबाहेर पायातल्या चपला काढतो आणि उभा राहतो. ती चुलीपुढं बसलेली, पाठमोरी. तो म्हणतो, "चल. न्यायला आलोय." ती वळून बघत नाही. म्हणते, "थांबा. तव्यावर भाकरी हाय. करपंल." आणि तो थांबतो. ती भाकरी उलटते, विस्तवाला लावते, भाकरी टम्म फुगते, ती परातीत ठेवते, हात धुते, पदर सारखा करते आणि मग वळते. एवढा वेळ तो बिचारा दारात उभा. इथं आत्या जराशी थांबायची. पापड लाटणाऱ्या बायकांची लाटणी थांबलेली असायची. माझी आई, जी सहसा रडत नसे, ती इथं येऊन दर वेळी डोळ्यांना पदर लावायची. मुंबईच्या बंगल्यातली, बॉबकट केलेली बाई चुलीवर ज्वारीची भाकरी कशी काय थापते, असं एकीलाही विचारावंसं वाटलं नाही. आम्हाला ती भाकरी दिसायची, फुगलेली, वाफ सोडणारी. वास यायचा तिचा.

मग समोरच्या वकिलांकडे टीव्ही आला. दर रविवारी संध्याकाळी त्यांच्या बैठकीत गल्ली लोटायची. पुरुष खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर, आम्ही मुलं अगदी पडद्याच्या पुढ्यात. आणि एका रविवारी त्या गिरणीमालकाचा सिनेमा लागला. गल्लीत दोन दिवस आधीपासून धामधूम. वकिलीणबाई सगळ्यांना सांगत होत्या, "आता भाकरीचा सीन डोळ्यांनी बघायचा." आई स्वयंपाक लवकर आवरून आली होती. आत्या येत नव्हती, डोकं दुखतंय म्हणाली, पण बायकांनी तिला ओढून आणलं आणि मधोमध बसवलं. बटणं लावायचा शर्ट घेऊन खाला तिच्या शेजारी बसली.

सिनेमा सुरू झाला तेव्हा सगळं ठीक होतं. बंगला होता, गैरसमज होता, गाणी तीच होती. बायको घराबाहेर पडली तेव्हा सतरंजीवर हुंदकेही ऐकू आले. मग वाट बघणं सुरू झालं. पण तो काही येईना. तो आपला बंगल्यात पाइप ओढत, पियानो वाजवत बसलेला. शेवटी तीच निघाली. पांढऱ्या साडीत, ठेचकाळत, बंगल्याच्या पायऱ्या चढून गेली आणि त्याच्या पायांवर पडली. त्यानं तिला खांद्यांना धरून उठवलं, डोक्यावर हात ठेवला, आणि संपलं. बातम्या लागल्या. मग वकिलीणबाई म्हणाल्या, "आगं कमल, भाकरी कुठं गेली वं?"

आणि हशा पिकला. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. गंमत वाटली, एवढंच. पण हसणं थांबेना. कुणीतरी म्हणालं, "डाकूबी आसाच आला आसंल," आणि पुन्हा हसू. आत्या पडद्याकडेच बघत होती. ती हळूच म्हणाली, "कापला आसंल तेवढा. टीव्हीवाले कापतात." त्यावर तर पुरुषही हसले. तेव्हा खालानं मांडीवरचा शर्ट बाजूला ठेवला आणि सगळ्यांकडे बघून म्हणाली, "हसो नक्को. अपनी कमल का पिच्चर इससे अच्छा था." खालाचा राग मी त्या एकाच दिवशी पाहिला.

पुढच्या दुपारी गच्चीवर बायका आल्या, पण आत्या जिन्यातच खालापाशी बसून राहिली. दोन-चार दिवसांनी वैजापूरहून पुन्हा निरोप आला, तोच, पाठवून द्या म्हणून. रात्रीची जेवणं चालली होती. अण्णांना बहिणीला जा म्हणवत नव्हतं आणि राहा म्हणायलाही आता काही कारण सापडत नव्हतं. आई आत्याच्या ताटात भाजी वाढत होती. वाढता वाढता ती म्हणाली, "वन्सं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? त्या पिच्चरमधली बाईसुदीक सोताहून गेलीच की. झालंच ना चांगलं?" आईला आत्या जड झाली नव्हती. तिला खरंच वाटत होतं की नणंदेचा संसार उभा राहावा, आणि समजुतीला हाताशी होतं ते उदाहरण तिनं दिलं. आत्यानं घास तसाच हातात धरून ठेवला. मग म्हणाली, "व्हय वहिनी. गेली खरी." आणि जेवण पुरं केलं.

पुढच्या गुरुवारी ती निघाली. आईनं तिची ओटी भरली, नवी साडी दिली, येसराची पुरचुंडी बांधून दिली. अण्णा चपला घालून तयार झाले होते, वैजापूरपर्यंत सोडायला. आत्यानं त्यांना जिन्यातच थांबवलं. "दादा, तू नको येऊस. पिच्चरमधी तिच्यासंगं भाऊ कुठं होता?" ती हसून म्हणाली, पण अण्णा तिथंच पायरीवर बसले. खाला तिला बसस्टँडपर्यंत पोचवून आली आणि त्या दिवशी तिनं बटणं लावली नाहीत.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी आमंत्रणाला वैजापूरला गेले होते. आत्यानं धपाटे केले, दह्यात कालवलेली शेंगदाण्याची चटणी केली, मला समोर बसवून खाऊ घातलं. घर चांगलं होतं, खाऊनपिऊन सुखी होतं. मामा म्हणावे तेवढे वाईट नव्हते. पण आत्याच्या सासूबाई ओसरीवरून काहीतरी बोलल्या, आत्यानं उलट एक शब्द उच्चारला, आणि त्या म्हणाल्या, "आपल्या पायानं आलीस, ध्यानात ठिव." आवाज न चढवता, मीठ संपलंय म्हणावं तशा. आत्या लगेच गप्प झाली. ते वाक्य त्या घरात किती जुनं झालंय, ते मला त्या गप्प होण्यावरून समजलं. मी तिला स्वयंपाकघरात विचारलं, "आत्या, तू त्या दिवशी आलीस तेव्हा मामा काय म्हणाले गं?" ती म्हणाली, "ते मार्केटात होते. मी परसदारानं आत आले. संध्याकाळी आले, म्हणले, आलीस व्हय. मंग पाणी मागितलं. मंग मी पाणी दिलं." आणि जरा वेळानं, "तेवढंच."

लग्नात बायकांनी तिला आग्रह केला, सिनेमा सांग म्हणून. तिनं हात जोडले. "नाय गं बायांनो. आता घरोघर टीव्ही हाय. सगळ्यांनी बघितल्याला आसतो." पुढं ती कधीही सिनेमा सांगायला बसली नाही. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मामा तिच्या आधी गेले. न्यायला यायचं त्यांचं राहूनच गेलं, आणि मला वाटतं, त्यांच्या मनातही ते कधी आलं नसेल. मला फार वाईट वाटतं. राग कुणावर काढावा ते कळत नाही, म्हणून मी तो सिनेमांवर काढते.

आई आता माझ्याकडे असते, गारखेड्यात. नव्वदी ओलांडली. डोळे गेलेत, कान मात्र शाबूत. मी सिनेमा पाहून आले की ती विचारते, "काय होतं गं पिच्चरमधी?" आणि मी कॉटवर तिच्या पायांशी बसून सांगते. परवा सुनेबरोबर पाहिलेला त्यातल्या त्यात बरा होता. मारामारी नाही, आरडाओरडा नाही. नवराबायकोचं बिनसतं, ती भावाकडे उंच इमारतीत राहायला जाते. शेवटी नवरा गाडी घेऊन येतो. मी पर्स घट्ट धरून बसले. पण तो काही गाडीतून उतरला नाही. खालीच बसून त्यानं फोनवर निरोप पाठवला, "खाली ये." आणि ती लिफ्टनं खाली आली, हसत, धावत. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. सूनही टाळ्या वाजवत होती. मी तिला काही म्हटलं नाही, तिचं वय आहे.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. बिनसणं, इमारत, गाडी. सून दारात उभी राहून ऐकत होती. शेवटाशी आले तशी आईनं विचारलं, दर वेळी विचारते तसंच, "न्यायला येतो का गं तो?"

"येतो," मी म्हणाले. "गाडी खाली लावतो. लिफ्ट बंद असते, तर जिना चढून येतो. दारात उभा राहतो. म्हणतो, न्यायला आलोय. ती चुलीपुढं. म्हणजे गॅसपुढं. वळून बघत नाही. म्हणते, थांबा, तव्यावर भाकरी हाय."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. तिनं दोन तासांपूर्वी तोच सिनेमा पाहिला होता. ती आत येऊन कॉटच्या कडेला बसली.

आई बराच वेळ छताकडे तोंड करून पडून होती. मला वाटलं, झोप लागली. मग तिनं चाचपडत माझा हात धरला. "मी तवा तसं बोलायला नको होतं गं वन्संला," ती म्हणाली. मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली. मग तिनं विचारलं,

"चपला काढल्या का त्यानं? उंबऱ्याभाईर?"

"काढल्या."

"आन थांबला? भाकरी हुईस्तोवर?"

"थांबला."

"मंग चांगला हाय पिच्चर," आई म्हणाली.